निळ्या घोड्यावरची एक फेरी

इजिप्तमधल्या मनसुरा शहराच्या बालोद्यानात मी एकोणीस वर्षं तिकिटं देतेय. माझ्या खिडकीसमोर घोड्यांची चक्री आणि ती फिरवायच्या कळीपाशी शहाताकाका. माणूस भला, पण हट्टी. त्याच्या चक्रीवर मोठ्यांना बंदी. एक पोलीस अधिकारी आपल्या मुलीला धरायला म्हणून नुसता चढला होता, त्यालाही काकाने खाली उतरवलं.

काकाला मूलबाळ नाही. बायको, तफीदाकाकू, दर ईदला त्याच्यासाठी पिठीसाखर भुरभुरलेल्या काहक बिस्किटांचा डबा घेऊन यायची. डबा दिला की कठड्याला टेकून विचारायची, "एक फेरी देता का? निळा घोडा रिकामाच आहे."

"तू काय लहान आहेस?"

"कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

मला काकाचा संताप यायचा. एकदा मी तिला म्हटलं, "काकू, शेजारचं एखादं पोर उसनं आण की."

"आणेन गं. पण बसणार पोरच."

गेल्या हिवाळ्यात काकूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्यानंतर महिन्याभरात बागेत नवा मॅनेजर आला. नुसत्या पोरांवर बाग चालत नाही, ईदपासून मोठ्यांनाही सगळं खुलं करू, म्हणाला. काका उसळला. "नियम आहे, साहेब. चक्रीला मोठ्यांचा भार झेपत नाही."

मॅनेजरने कपाटातून चक्रीचे जुने कागद काढले आणि आमच्यासमोर वाचले. एका घोड्याला शंभर किलो चालत होते. वयाचा तर कुठे उल्लेखच नव्हता.

"मग हा नियम कुणाचा?"

"माझ्या उस्तादांनी सांगितला होता."

"त्यांना कुणी सांगितला?"

काका तिथून निघाला. माझ्या तिकिटांच्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. म्हणाला, "सत्तावीस ईदा, सनिया." एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी चहा करून दिला.

ईदला तो काकूला चाकांच्या खुर्चीत घेऊन आला. चक्रीवर मिशाळ बाप्ये आणि जाडजूड बायका खिदळत बसल्या होत्या. फेरी संपताच काकाने निळा घोडा अडवून धरला. मी खिडकी बंद करून धावले. आम्ही दोघांनी काकूला उचललं, पण उजवा पाय पलीकडे जाईना आणि हाताला दांडा धरवेना. ती घसरत होती. दुसऱ्यांदा उचलताना रांगेतले दोघे मदतीला आले. तिसऱ्यांदा तिचा रुमाल डोक्यावरून सरकला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आटपा की."

"राहू द्या," काकू वाकड्या ओठांनी म्हणाली. "सगळे बघताहेत."

माझा जीव नुसता तुटत होता आणि करण्यासारखं काही नव्हतं. काकाने तिचा रुमाल सारखा केला, तिला खुर्चीत बसवलं आणि तिचा हात धरून कठड्यापाशीच उभा राहिला. कळ मला ओढावी लागली. निळा घोडा रिकामाच फिरला.