धरणातला तो स्फोट कुठे झाला

देवमाशांचे आवाज समुद्रात नेमके कुठून येतात हे शोधायचं यंत्र आम्ही नाशिकमध्ये बनवत होतो, याचं तेव्हा सगळ्यांना हसू यायचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. समुद्र लांब, म्हणून चाचण्या शहराजवळच्या धरणात. पाण्यातला आवाज टिपणारे हायड्रोफोन एका लांब दोरीला ओळीने बांधून आम्ही बुडवायचो. आवाज कोणाला आधी पोचला, कोणाला नंतर, यावरून त्याची जागा निघायची.

एका सकाळी पाण्यात स्फोट झाला. बंदी असताना कोणीतरी मासे मारायला जिलेटीन टाकलं होतं. मत्स्य खात्याचे अधिकारी माझ्याकडेच आले. तुमचं यंत्र पाण्यात होतं ना, मग जागा सांगा.

यंत्राने दोन जागा दाखवल्या होत्या. सरळ ओळीतल्या हायड्रोफोनना आवाज ओळीच्या उजवीकडचा की डावीकडचा हे कळत नाही. खऱ्या जागेसमोर, आरशात दिसावी तशी, दुसरी उभी राहते. इथे एक जागा मासेमारांच्या पाड्यापुढे होती, दुसरी आमच्या संस्थाचालकांच्या फार्महाउसपुढे.

माझी तरुण सहकारी म्हणाली, "सर, दोन्ही लिहू, नाहीतर काहीच नको."

मला विभागप्रमुख व्हायचं होतं. मी पाडा लिहिला. तिने अहवालावर सही केली नाही.

पाड्याचा मासेमारीचा ठेका गेला. त्यांच्यातला एक म्हातारा कॉलेजात आला आणि दारातच उभा राहिला.

"मशीन खोटं बोलत नाय म्हणत्यात, सर. तुमी काय म्हणता?"

"मशीन म्हणतं तेच," मी म्हणालो.

धरणाच्या काठावर राहून ती माणसं दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला जाऊ लागली. मी विभागप्रमुख झालो.

मी निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभात यंत्राने चोर पकडल्याचा किस्सा रंगवून सांगितला गेला. मी उठून म्हणालो, त्या यंत्राने कोणालाही पकडलं नव्हतं. लोकांना तो माझा विनय वाटला. टाळ्या पडल्या आणि मी खाली बसलो. तेवढीच माझी हिंमत.

म्हणून इथे लिहितो. स्फोट पाड्यावरच्यांनी केला नाही, हे मी आजही सिद्ध करू शकत नाही. त्यांनीच केला, हे तेव्हाही सिद्ध करू शकत नव्हतो. यंत्राने दोन जागा दिल्या होत्या. एक मी खोडली, आणि कोणती खोडायची हे ठरवायला मला चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही.