तीस म्हणजे तीस काय?

अकोल्याहून माझ्या भावजयीचा, कुंदाचा फोन आला तेव्हा मी मोगऱ्याच्या कळ्या तोडत होते. "बाई, हे गेले..." एवढंच बोलली ती. सुधीर, माझा धाकटा भाऊ. सव्वा महिना झाला, पण माझं मन अजून जुन्या एका सकाळपाशीच अडतं.

सुधीर संगणकातला. चेहरा पाहून बोलायच्या फोनचं एक सॉफ्टवेअर देशोदेशीचे लोक मिळून बनवतात. कोणीही फुकट घ्यावं, उघडून पाहावं, सुधारावं. त्यांच्यात हाही. आमचे डॉक्टर त्यावरूनच पेशंट पाहायचे. त्या सकाळी सुधीर वलगावला आमच्याकडे आलेला, आणि आमच्या ह्यांचा दम वाढला. दवाखान्याची गाडी बडनेऱ्याहून निघाली होती. तोवर कोणती गोळी द्यायची ते श्वास पाहिल्याशिवाय डॉक्टर सांगेनात. आणि सुधीरच्या लॅपटॉपवर त्यांचा चेहरा दिसतो न दिसतो तोच फोन बंद! पाचदा झालं. ह्यांचे ओठ निळे पडायला लागले...

"काहून तुटून राहिला रे हा?" मी ओरडले. सुधीर काहीतरी उघडून पाहत होता, तो पांढराफटक पडला. "बाई, लाइन नाई तुटत. मीच तोडून राहिलो."

समोरचा अडखळला तर किती वाट पाहायची, तो आकडा त्यानंच आदल्या दिवशी घातलेला. तीस. त्याच्या मनात तीस सेकंद. मशीन त्या जागी सेकंदाचे हजारावे भाग मोजत होतं. आमचं नेट जरा थबकलं की संपलं.

"मंग बदल ना बाप्पा!"

"बदलूनच राहिलो. तू भाऊजीले टेकून बसव." तीसच्या जागी त्यानं तीस हजार लिहिले. सहाव्यांदा फोन लागला... आणि टिकला. डॉक्टरांनी गोळी सांगितली, गाडी आली, हे वाचले.

त्यानंतर त्यानं सगळ्या जगाला लिहून कळवलं, चूक माझी. "गुपचूप मिटवाची ना, कोण पाहून राहिलं होतं तुले?" मी म्हटलं. तो म्हणाला, "बाई, अजून कोणाचे भाऊजी असतीन त्या फोनवर." मग कित्येक महिने खपला. आता त्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता आकडा चालत नाही. सेकंद की काय, ते सांगावंच लागतं.

दवाखान्यातून आल्यावर त्यानं फ्रिजवर ह्यांच्या गोळीची चिठ्ठी चिकटवली होती. हे आजही विचारतात, "किती वेळानं घ्यायची गं?" मला पाठ आहे. तरी उठते, चष्मा लावते, त्याच्या अक्षरावर बोट ठेवून वाचते... "आठ. तास."