पंडुमाआधीची कैरी

सकाळच्या ड्यूटीला माणसं आली नाहीत, त्यांचे फोन आले. पहिल्याची पाठ धरली होती. दुसऱ्याला हगवण लागली होती. तिसऱ्याने आधी खोकून दाखवलं, मग सिकलिव्ह मागितली. चौथ्याच्या बायकोने फोन केला, पण नवऱ्याला काय झालंय ते तिला आठवेना.

"आठवलं की कळवा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मी निरीक्षणगृहाची अधीक्षक. गुन्ह्याचा आरोप असलेली, अठराच्या आतली मुलं केस चालू असेपर्यंत आमच्याकडे राहतात. हा तुरुंग नाही, पण गेटला कुलूप आहे. मुलांना उठवणं, जेवू घालणं, भांडणं सोडवणं हे काळजीवाहकांचं काम. त्यांच्याकडे काठी नसते, गळ्यात फक्त शिट्टी असते. मुलावर हात उचलायचा नाही, हा कडक नियम. मुलाने हात उचलला तर काय करायचं, हा विषय निघाला की ट्रेनिंगमध्ये नेमकी चहाची सुट्टी होते.

आदल्या दिवशी तेच झालं होतं. दुपारच्या जेवणात रैनूने स्टीलचं ताट उचलून वासुदेवभाऊंच्या हातावर घातलं. (रैनूचं नाव बदललं आहे, खरं सांगायची कायद्याने मनाई आहे.) मनगटाचं हाड मोडलं. वासुदेवभाऊ म्हणजे आमचे सगळ्यात जुने काळजीवाहक, मुलांना "बापू, बापू" करणारा माणूस. त्यांच्यावर ही पाळी येते तर आपलं काय, असं बाकीच्यांच्या मनात आलं आणि सगळ्यांना एकदम आजार झाले. मी चिडले होते, पण त्यांची भीती खोटी नव्हती.

चौथा शेवटी स्वतःच फोनवर आला. "खरं सांगतो म्याडम, तो पोरगा इथी राह्यला तं आमी येनार नाई."

आमच्या खात्याच्या साहेबांचंही फोनवर तेच. "मॅडम, नागपूरला हलवा त्याला. आजच मंडळापुढे अर्ज टाका." मंडळ म्हणजे बाल न्याय मंडळ, या मुलांचं कोर्ट.

"सर, त्याची आई भामरागडच्याही पलीकडून येते. आधी पायी, मग दोन बस. नागपूरला ती पोचायची नाही."

"मग स्टाफ कुठून आणता? तुम्ही एकट्या सांभाळणार?"

त्या दिवशी मुलं सांभाळायला गेटवरचा गार्ड, स्वयंपाकाच्या कमलाबाई आणि मी, एवढेच होतो. संध्याकाळपर्यंत अर्ज पाठवते, असं मी कबूल केलं.

दुपारी जेवणासाठी मुलांची रांग निघाली. स्वयंपाकघराच्या वाटेवर आंब्याचं मोठं झाड आहे. सकाळी वारा सुटला होता, त्यामुळे खाली कैऱ्यांचा सडा पडलेला. शहरातली मुलं तुटून पडली. कोणी खिशात कोंबल्या, कोणी तिथेच दात लावले. ओरडायला मी तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

रांगेच्या शेवटी भामरागडकडची मुलं होती, रैनू आणि आणखी काही. ती कैऱ्यांना वळसा घालून चालली होती. एकाच्या पायाखाली कैरी येणार होती. त्याने पाय वरच्या वर थांबवला आणि बाजूला टेकवला. एकानेही खाली हात नेला नाही.

मी रैनूला झाडाखाली थांबवलं. मनात धाकधूक होतीच, म्हणून गार्डला दिसेल अशी उभी राहिले.

"कैरी का नाही घेतली?"

"पंडुम नाई झाला," तो म्हणाला.

भामरागडकडच्या माडिया आदिवासींच्या गावांमध्ये जंगलातलं नवं फळ आधी गावाच्या देवाला देतात, मग माणसं खातात. तो सण म्हणजे पंडुम. त्याचा दिवस ज्या-त्या गावचे म्हातारे ठरवतात. तोवर घरातलं लेकरूसुद्धा ते फळ तोंडात घालत नाही. हे मी भाषणांत ऐकलं होतं, दोन टाळ्याही वाजवल्या होत्या.

आदल्या दिवशीच्या डाळीत कैरी होती.

"म्हणून मारलंस?"

"मी नाई, नाई म्हटलो. भाऊनं तोंडात घातली." मग त्यानेच विचारलं, "हात मोडला?"

"मोडला."

त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मी त्या झाडाखाली उभीच राहिले. माझा चतुर्थीचा उपास साबुदाण्याची खिचडी नसेल तर बारा वाजताच सुटतो. आणि ही भुकेच्या वयातली पोरं! गाव कुठल्या कुठे, बघायला आई नाही, म्हातारे नाहीत. कैरी पायाशी पडलेली. तरी गावाच्या आधी खायची नाही म्हणजे नाही. आमच्या कुलपाने त्यांना आत ठेवलं होतं, पण सांभाळणारं दुसरंच काही होतं. मनातल्या मनात मी हात जोडले.

तासभर मुलं गार्ड आणि कमलाबाईंवर सोपवली आणि तशीच वासुदेवभाऊंच्या घरी गेले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. त्यांच्या पत्नीने मला पाणी दिलं, पण आदळून.

भाऊंना मी सगळं सांगितलं.

"मले वाटलं रुसला पोरगा," ते म्हणाले. "माह्या नातवाले भरवतो तसा घास भरवला जी. माया करून राह्यलो होतो मी." मग आपणच हसले. "आमच्या गावात बी नवं झाल्याबिगर नव्या धानाचा दाना खात नाई. माह्या बुडीच्या तोंडात कोनी कोंबला असता, तं तिनं पाटाच घातला असता डोस्क्यात. हा पोरगा ताटावरच थांबला."

"भाऊ, हात तुमचा मोडलाय. सांगा, अर्ज पाठवू?"

"नोका पाठवू. पन त्याले सांगा, मारनं चूकच हाये."

दुसऱ्या दिवशी सुट्टीवर असलेला हा माणूस गळ्यात हात अडकवून गेटवर हजर. तिथूनच त्यांनी एकेकाला फोन लावला. "हात माहा मोडला, सिकलिव तुमची काऊन?"

दुपारपर्यंत सगळे बरे झाले. आजाराचं नाव न आठवलेलाही आला.

साहेब वैतागले. "मंडळापुढे काय सांगणार? कैरीमुळे मारलं?" मी तेच सांगितलं. मंडळाने रैनूला मारल्याबद्दल चांगलं खडसावलं आणि आमच्याकडेच ठेवलं. स्टाफला मी शब्द दिला, जेवणाच्या ड्यूटीवर यापुढे कोणी एकटा नसेल. तो पाळण्यासाठी साहेबांशी भांडून आणखी एक माणूस मिळवला. डाळीतली कैरी बंद केली.

काही दिवसांनी रैनूची आई आली. गावात पंडुम झाला, हे तिने आधी सांगितलं, मग त्याची तब्येत विचारली. त्याच दुपारी त्याने झाडाखालची कैरी उचलली आणि कमलाबाईंकडून कापून, मीठ लावून घेतली. बरोबरची पोरं आशेने बघत होती. तो सरळ वासुदेवभाऊंसमोर गेला. त्यांना घरी बसवत नव्हतं, म्हणून सुट्टीतही दुपारी येऊन बसायचे. त्यांचा उजवा हात गळ्यात. रैनूने फोड त्यांच्या तोंडापाशी नेली आणि तिथेच थांबवली. "खाता, भाऊ?"

भाऊंनी आ केला. कैरी भलती आंबट असावी, कारण त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

आता नवा काळजीवाहक आला की मी त्याला शिट्टी देते आणि एकच गोष्ट बजावते. कोणाच्या तोंडात घास घालायचा तर आधी विचारायचं. रागाने तर आपण घालत नाहीच. मायेने घालतानाही विचारायचं.