राहीबाईची लाल जमीन

राहीबाईचं घर आमच्या घरासमोर, देवळाली प्रवरेत कालव्याकडे जाणाऱ्या वाटेवर. तिचं सारवण असं असायचं, की दारात आलेली बाई पाऊल कुठं ठेवावं म्हणून क्षणभर अडायची. बोटांच्या कमानी एकीला एक लागून, जणू कोंबडीनं पंख पसरलेत. पण सारवण कितीही सुरेख असलं तरी खालची माती काळी होती. कालव्याला पाणी सुटलं की माजघराच्या भिंतीकडेनं ओल चढे आणि कोपऱ्यात ठेवलेलं घोंगडं खालून गार लागे.

तिचा नवरा रंगनाथ ऊस पिकवायचा. पाणी द्यावं तर त्यानं, असं शिवारात म्हणत. पाणी दिल्यावर तो रोज बांधावर जायचा, वहाण काढून अंगठ्यानं ढेकूळ दाबून बघायचा. ओल जिरली, पण माती सुकली नाही, अशी अवस्था आली की म्हणायचा, "वाफसा आला." तोवर पुढचं पाणी नाही. घाई करणाऱ्याला तो हसून सांगायचा, "पान्यापायी पीक मरत न्हाई गड्या, माणसाच्या उतावीळपनापायी मरतं."

एकाहत्तर सालच्या दिवाळीत त्यांची लेक रंगुबाई माहेरी आली, ती पोटुशी होती. तिला श्रीरामपूरला दिलेली. सोबत तिची सासू बनुबाई होती. बनुबाई वाईट नव्हती, पण डोळ्यांना दिसलेलं तोंडात ठेवायची नाही. माजघरात बसल्या बसल्या तिनं जमिनीवर तळवा टेकला.

"विहीनबाई, तुमची जमीन लई गार हाय."

"उन्हाळ्यात बरी वाटती की," राहीबाई म्हणाली.

"बाळंतीन काय उन्हाळ्याची वाट बघत निजायची? फाल्गुनात पोर व्हायचं. पहिलं बाळंतपन माहेरी, ही रीत मलाबी ठावं हाय. पन ओलीवर माझी सून निजायची न्हाई. आमच्याकडं कोबा हाय. ऱ्हाऊ द्या तिला तिकडंच."

राहीबाईनं ताट घेतलं. विहिणीला पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं. निरोप देताना मात्र म्हणाली, "संक्रांत झाल्यावर एकदा येऊन बघा. तेव्हाबी जमीन गार लागली, तर मी मागायची न्हाई पोरीला."

झालं. आता संक्रांतीपर्यंत कोबा करणं आलं, म्हणजे सिमेंटची घोटलेली जमीन.

दुसऱ्या दिवशी राहीबाई आणि रंगनाथ आमच्या ओट्यावर आली, सोबत सूर्यभान गवंडी. मी गावातल्या शाळेत मास्तर, म्हणून खर्चाचा अंदाज मी लिहून द्यायचा होता. सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे आणि मोजक्याच गोण्या पदरात पडत. खाली मुरूम, त्यावर विटांचे तुकडे, मग सिमेंट आणि वरचा पातळ थर रंगीत, असं सूर्यभाननं सांगितलं.

"वाळू नदीची, गाडी आपली. ती खोडा, गुरुजी," राहीबाई म्हणाली. "मुरूम आमी धुमसू. त्याची मजुरीबी खोडा."

"रंगबी खोडा," रंगनाथ म्हणाला. "करडी जमीन काय वाईट हाय?"

"करड्या जमिनीवर पोर रांगताना उठून दिसंल का? लालच पायजे."

"मग भिंतीला लावतो ती काव घाला. बाजारात ढिगानं मिळती."

सूर्यभान हसला. "रंगनाथराव, काव पहिल्या पुसन्यात फडक्याला लागंल. नातू उठंल तो लाल ढुंगन घिऊन!"

लाल रंग राहिला. मग कोबा कुठं करायचा, यावर वाद लागला. होत्या तेवढ्या गोण्यांत एकच खोली व्हायची. रंगनाथचं मन ओसरीवर होतं.

"चार लोकं ओसरीवर बसत्यात."

"लोकं घडीभर बसत्यात आन उठून जात्यात. बाळंतीन कुठं निजनार? ओसरी खोडा, गुरुजी."

मी रंगनाथकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. मी ओसरी खोडली. त्याचा चेहरा मात्र हातातला खाऊ काढून घेतलेल्या मुलासारखा झाला होता. म्हशीच्या दुधाच्या पैशातलं जे काही राहीबाईनं बाजूला ठेवलं होतं, ते रंगाला आणि गवंड्याच्या मजुरीला जेमतेम पुरणार होतं. म्हणजे जे करायचं ते एकदाच.

पौषात माजघराला कोबा झाला. राहीबाई धुमस घेऊन स्वतः मुरमावर उभी राहिली. सूर्यभाननं वरचा लाल थर गुळगुळीत घोटला, कडेनं दोरी दाबून चौकट उठवली. पाहायला आळी लोटली. राहीबाई उंबऱ्यातच उभी. आत कोणाला पाऊल टाकू देईना.

दुसऱ्या दिवशी तिला रंगुबाईच्या डोहाळजेवणासाठी श्रीरामपूरला जायचं होतं. सूर्यभानही राहुरीकडे दुसऱ्या कामावर निघाला होता. जाताना तो रंगनाथला एवढंच म्हणाला, "जमिनीला पानी द्या बरं का. इसरू नका."

"आता पानी द्यायचं तू मला शिकवनार व्हय?" रंगनाथ म्हणाला.

राहीबाई चार दिवसांनी परतली. पिशवी ठेवून आधी माजघरात गेली. मग आमच्या घरापर्यंत तिची हाक आली, "अवं, हिकडं या!"

आम्ही सगळे धावलो. लाल जमिनीवर केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळं पसरलेलं. पायाला लागत नव्हत्या, पण डोळ्याला लागत होत्या.

"पानी दिलं न्हाई तुमी?"

"दिलं की! पहिल्या दिवशी चांगलं भरभरून दिलं. मग थांबलो."

"थांबला? कशासाठी?"

रंगनाथ चाचरला. "वाफसा यीस्तवर."

राहीबाई खाली बसली. एका भेगेवरून बोट फिरवत म्हणाली, "अवं, ही जमीन काय उसाची हाय?"

"सूर्यभान जमीन म्हनला. तूबी जमीनच म्हनतीस. मला काय ठावं, हिला वाफसा चालत न्हाई!"

त्याचं चुकलं होतं आणि नव्हतंही. आपल्या भाषेत शेताला जमीन म्हणतात आणि पायाखालच्या कोब्यालाही. पण नव्या कोब्याला सुरुवातीचे दिवस सतत ओलं ठेवावं लागतं, सुकू द्यायचं नसतं.

दुसरी गोणी नव्हती, पैसेही नव्हते. संक्रांत तोंडावर आलेली. मी राहुरीला निरोप धाडला. सूर्यभान आला, नखानं भेगा खरवडून पाहिल्या. म्हणाला, भेगा वरच्या वर आहेत, खालचा थर पक्का आहे. गोणीच्या तळाशी राहिलेलं सिमेंट आणि पुडीतला उरलेला रंग पातळ कालवून भेगांत जिरवायचा, मग मातीचे वरंबे घालून पाणी तुंबवून ठेवायचं. "पन आता वाफसा न्हाई," तो रंगनाथला म्हणाला.

राहीबाईनं फडक्यानं एकेक भेग भरली, सारवताना हात फिरवायची तशीच. रंगनाथनं कडेनं वरंबे घातले. त्याच आठवड्यात कालव्याच्या पाण्याची पाळी त्याच्या उसाकडे यायची होती. ती त्यानं शेजारच्या छगनच्या हवाली केली. दुसऱ्याच्या हाताचं पाणी आपल्या उसाला लावू देणारा रंगनाथ गावानं प्रथमच पाहिला. तो मात्र तांब्या घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर बसून राहिला. जरा कुठं कोरडं दिसलं की ओतायचा.

छगन संध्याकाळी डोकावून विचारायचा, "काय रंगनाथ, कितवी पाळी?"

"तू माझा ऊस बुडवू नको, तेवढं बघ!"

संक्रांतीनंतर बनुबाई आली. वरंबे काढले होते, जमीन पुसून लख्ख केली होती. भरलेल्या भेगा मूळ रंगापेक्षा थोड्या गडद उमटल्या होत्या. पिंपळाच्या वाळल्या पानावर शिरा दिसतात तशा, साऱ्या खोलीभर. बनुबाई बसली. तळवा टेकला. उचलला, पालथा केला, पुन्हा टेकला. राहीबाईचे डोळे त्या हातावर. रंगनाथ दाराआड.

"ओल न्हाई," बनुबाई म्हणाली. मग वाकून जवळून पाहिलं. "ही नक्षी आमच्या कोब्यात न्हाई. कोनच्या गवंड्यानं काढली?"

राहीबाईनं दाराकडं पाहिलं.

"आमच्या ह्यांनी," ती म्हणाली.

"अगं बया! व्याहीबुवांचा हात असा चालतो?"

दाराआडून खोकल्याचा आवाज आला.

माघात बैलगाडीला छप्पर घालून रंगनाथनं लेकीला आणलं. फाल्गुनात त्या लाल जमिनीवर घातलेल्या बाजेवर रंगुबाईला मुलगा झाला. दिवाळीला ती त्याला घेऊन पुन्हा आली, तेव्हा तो रांगत होता. मी सहज गेलो होतो. पोर खरोखरच लालावर उठून दिसत होतं. खोलीच्या मधोमध थांबून त्यानं आजोबांकडं पाहिलं आणि जमीन ओली केली.

रंगनाथ फडकं घेऊन लगबगीनं उठला.

"अवं, थांबा की!" राहीबाई चुलीजवळून म्हणाली. "आत्ताच पानी दिलंय. वाफसा यिऊ द्या!"