बगळ्यांची पसंती

घराची पुण्याई पारखूनच बगळा गाईच्या पाठीवर उतरतो. निदान माझ्या सासूबाईंचं तसं ठाम मत होतं. परवा शेजारी कुणीतरी कडुनिंबाचा पाला उकळत होतं. त्या कडवट वाफेसरशी मला ऐंशीच्या आसपासचा, आर्वीजवळचा आमचा गोठा आठवला.

गोठ्यात दोन गाई होत्या, एक जाऊबाईंची आणि एक माझ्या माहेरची. बगळे रोज जाऊबाईंच्या गाईवर ऐटीत बसत. माझ्या गाईकडे ढुंकूनही बघत नसत.

"काऊन वो, तुह्या गाईवर एकबी बगळा बसत नाई?" सासूबाई एकदा म्हणाल्या. "पोळा झाला का बाजारात विकून टाकू तिले."

"बगळ्यायलेबी मालकीण समजते," जाऊबाई हसून म्हणाल्या.

माझा नुसता जळफळाट झाला. आपली गाय जास्त पांढरी दिसावी म्हणून मी तिला रोज कडुनिंबाच्या पाण्याने घासू लागले, अगदी कानामागेसुद्धा. बगळे तरीही फिरकेनात.

मग गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी जाऊबाईंच्या गाईचा कान उलटून पाहिला. "गोचिडायनं भरली हाय हे. बगळे तेच वेचून खाऊन राह्यले." माझ्या गाईवरून हात फिरवून म्हणाले, "हिच्यावर त्यायले खाले काईच नाई."

म्हणजे इतके दिवस मी गोचिडींचा हेवा करत होते.

माझ्या गाईची विक्री टळली. जाऊबाईंच्या गाईला औषध चोळलं, गोचिडी गळल्या आणि बगळे शेजाऱ्यांच्या म्हशीवर जाऊन बसले. सासूबाई कुंपणापाशी उभ्या राहून बराच वेळ त्या म्हशीकडे बघत होत्या.