गुरुवारी ठरायची रायफल

श्रीपाददादा आगाशे यांना एक रायफल निवडायला दोन वर्षं लागली. तेवढ्यात आमच्या स्टुटगार्टच्या मराठी मंडळात लोकांची लग्नं जमली, मोडली, घरं घेऊन झाली. दादांचं घोंगडं मात्र भिजतच पडलं होतं.

दादा गिअरबॉक्सचे इंजिनिअर. चिंचवडहून ऐन तिशीत इकडे आले आणि इथेच पिकले. S-बान ही लोकल जिथे संपते, तिथून पुढे बसने जायचं, अशा एका गावात त्यांचं घर आहे. गावात मराठी बोलणारं दुसरं कुणी नाही. स्नेहलतावहिनी होत्या तोवर दादांना बोलायची गरजच पडत नसे, दोघांच्या वाटचं त्या बोलत. त्या कॅन्सरने गेल्या आणि घर एकदम मुकं झालं. लेक ईप्सिता कोलोनला टीव्हीच्या कंपनीत आहे. दादा फोनवर मराठीत विचारतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते आणि दोन मिनिटांत दोघांचंही बोलणं संपतं.

अशात एका संध्याकाळी कुंपणापलीकडून शेजारच्या क्युब्लरआजोबांनी हाक मारली. ऐंशीचे, विधुर, गावच्या रानातल्या शिकारीचा ठेका त्यांच्याकडे. तिथे शिकार हौसेपुरती नसते. रानडुकरं मका लोळवतात, कुरणं नांगरल्यासारखी उकरतात, आणि शेतकरी नुकसानभरपाई मागायला ठेकेदाराच्या दारात येतात. आजोबा दादांना म्हणाले, "घरात बसून काय करतोस? माझ्याबरोबर मचाणावर बस." दादा जाऊन बसले. त्या दिवशी काहीही आलं नाही. दोघं अंधार पडेपर्यंत गप्प बसून उतरले आणि दादांना पुष्कळ दिवसांनी शांत झोप लागली.

मग दादांनी शिकारीचा परवाना काढायचं ठरवलं. त्याची परीक्षा भल्याभल्यांना घाम फोडते, पण परीक्षा म्हटली की आपला माणूस मागे हटतो थोडाच. झाडं, कुत्री, कायदे, हरणांचे दात, सगळं पाठ करून दादा पहिल्या फटक्यात पास झाले. मंडळात मात्र कुजबुज सुरू झाली. साबुदाण्याची खिचडी करून आणणारा हा माणूस डुकरं मारणार? मलाही ते आवडलं नव्हतं आणि मी तसं तोंडावर सांगितलं. दादा नुसते हसले.

आता रायफल घ्यायची. गावातले सगळे एकाच तऱ्हेची घेतात: लांब पल्ल्याची, जिचं काडतूस बाटलीसारखं, पुढे मान आवळलेलं असतं. दादांच्या मनात वेगळंच भरलं होतं. जुन्या अमेरिकन धाटणीची, पंचेचाळीस-सत्तर नावाचं काडतूस घेणारी. ते काडतूस खडूसारखं सरळसोट, बुडापासून तोंडापर्यंत जवळपास एकाच जाडीचं, आणि गोळी करंगळीएवढी जाड. गोळी जड आणि संथ. जवळून एका दणक्यात काम करते, पण दीडशे मीटरच्या पुढे खाली पडायला लागते.

क्युब्लरआजोबांनी कपाळाला हात लावला. "रे-हरणाला तोफ? ते तर कुत्र्याएवढं असतं."

"संथ गोळीने मांस कमी नासतं," दादा म्हणाले.

"आणि डुक्कर? डुकरासाठी शंभर मीटरवर दोन हजार ज्यूल लागतात, कायदा आहे. तुझी निम्मी काडतुसं तिथवर पोचता पोचता म्हातारी होतात."

"बरं, मग जोरदार काडतूस निवडू."

हे संभाषण गुरुवारी झालं. पुढच्या गुरुवारी आजोबांनी आपली जुनी रायफल काढून दाखवली आणि हीच का चांगली ते सांगितलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी दादांनी ज्यूल, वजन, धक्का, किंमत असा तक्ता करून नेला. राय धान्याचा पाव, सॉसेज, सफरचंदाची आंबूस दारू आणि मधोमध कॅटलॉग. कधी नेमबाजीच्या मैदानावर कुणाची तरी रायफल मागून झाडून बघायची आणि खांदा चोळत परत यायचं. पंचेचाळीस-सत्तरचा धक्का गाढवाच्या लाथेसारखा बसतो म्हणे. निर्णय जवळ आला की दोघांपैकी एकाला हमखास नवी शंका सुचायची. आम्ही दादांना चिडवायचो, की पुण्याकडचा माणूस चौकशी करतो, विकत घेत नाही.

त्या दोन वर्षांत दादा आजोबांबरोबर मचाणावर बसत, पण मागून आणलेल्या रायफलने त्यांनी एकही जनावर मारलं नाही. पहिलं जनावर आपल्या रायफलने, असं ते म्हणत.

यंदा जूनमध्ये आजोबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची मुलगी त्यांना बॉनला घेऊन गेली, वृद्धांच्या निवासात. तिथून त्यांनी दादांना फोन केला. जीभ जड झाली होती. म्हणाले, "श्री, आता घेऊन टाक. आणि पहिलं जनावर पडलं की मला फोन कर. कुणीतरी म्हणायला हवं."

दुकानात जाताना दादांनी मला बरोबर घेतलं. एकट्याने एवढी मोठी खरेदी कधी केली नाही म्हणाले. गाडीत मी विचारलं, "कुणीतरी म्हणायला हवं म्हणजे काय म्हणायचं?"

"रीत आहे. जनावर पडलं की त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची, शेवटचा घास म्हणून. मग जवळ थोडा वेळ गप्प बसायचं. आणि दुसऱ्याने शिकाऱ्याला म्हणायचं, वाइडमान्सहाइल. त्याने उत्तर द्यायचं, वाइडमान्सडांक. स्वतःच स्वतःला नाही म्हणता येत."

"माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका," मी म्हणाले. मेलेल्या जिवावर कसलं अभिनंदन, असं मला वाटलं होतं.

"तुला कोण सांगतंय? आजोबा आहेत ना," दादा म्हणाले.

दुकानात माझी करमणूक झाली. मिक्सर घेताना विचारावेत तसे दादा प्रश्न विचारत होते. खालचा कडीचा दांडा पुढे-मागे करून काडतूस भरायचं, तो दांडा त्यांनी इतक्या वेळा ओढला, की दुसरं गिऱ्हाईक बघायला लागलं. शेवटी दुकानदारच म्हणाला, "आगाशेसाहेब, क्युब्लरने मला मागेच सांगून ठेवलंय. हा माणूस पंचेचाळीस-सत्तरच घेईल, पण त्याला घाई करू नकोस."

दादा तो दांडा धरून उभे राहिले. बाहेर आल्यावर रायफलची पेटी डिकीत ठेवली आणि गाडीत बसले, पण गाडी सुरू करेनात.

"माझं पहिल्याच महिन्यात ठरलं होतं, सुनेत्रा," ते म्हणाले.

"मग दोन वर्षं काय करत होता?"

"ठरलं म्हटलं असतं तर गुरुवारी काय निमित्ताने गेलो असतो?" मग म्हणाले, "आणि हीच का, ते त्यांनाही कधी खरं सांगितलं नाही. माझं सगळं लांब आहे गं. मुलगी लांब, भाऊ लांब, लता तर फारच लांब. लांबचं काही नेमकं धरायचा मला कंटाळा आलाय. हिच्यासाठी जनावर जवळ यावं लागतं. तोवर नुसतं बसायचं."

मी त्यांना गाडी सुरू करायला सांगितली, एवढंच.

सप्टेंबरात क्युब्लरआजोबा गेले. दादा बॉनला जाऊन माती देऊन आले. गावच्या रानाचा ठेका दुसऱ्याकडे गेला. त्याने दादांना शिकारीची परवानगी तशीच ठेवली, पण तो कामापुरतं बोलणारा. दादा एकटेच मचाणावर बसू लागले. डुकरं येत, पण लांबून जात. मंडळात मी विचारलं तर म्हणायचे, "जवळ येत नाहीत." मला त्यांची फार कणव आली, आणि रागही आला. रायफल विकून टाका, पुण्याला जा, भावाजवळ राहा, असं मी त्यांना सुनावलं. ते म्हणाले, "तिथेही मी पाहुणाच आहे."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी मी पोहे परतत होते. फोन वाजला. दादा होते, आवाज बसलेला.

"पडलं. वर्षाचं डुक्कर. मक्यातून आलं, अगदी पुढ्यात. जागच्या जागी."

"तुम्ही ठीक आहात ना?"

"हो, हो. ओकची डहाळी दिली त्याच्या तोंडात. बसलोय जवळ." मागे कुठेतरी कावळा ओरडत होता. "क्युब्लरचा नंबर लावला बघ. सवयीने. फोन कंपनीची बाई बोलली, हा नंबर अस्तित्वात नाही. मग ईप्सिताला लावला. रविवार आहे, झोपली असेल."

त्यांनी माझ्याकडे ते शब्द मागितले नाहीत. मी नाही म्हटलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. नव्या ठेकेदाराला ते कळवणार होतेच, पण त्याचा पहिला प्रश्न वजन किती असाच असता. त्या रानात, त्या मेलेल्या जनावराशेजारी, ओल्या गवतात बसलेला हा माणूस मला दिसत होता. डुकरं मारण्याबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही.

मी गॅस बंद केला. "वाइडमान्सहाइल, दादा," मी म्हणाले. माझा उच्चार वाईट आहे.

"वाइडमान्सडांक," दादा म्हणाले. मग नाक ओढलं. मग म्हणाले, "सुनेत्रा, गुरुवारी काय करतेस?"

गुरुवारी माझा संध्याकाळचा जर्मनचा वर्ग असतो.

"काही नाही," मी म्हणाले. "येते."