शिवराज अण्णांचं मॅगझिन

मी फौजेत बावीस वर्षं काढली आणि शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. आमच्या गावात, दुबलगुंडीत, हे सांगितलं की ऐकणाऱ्याचं तोंडच उतरतं. "मग काय केलं वो एवढी वर्षं?" असं विचारतात. मी आर्मरर होतो. दुसऱ्याच्या हातातलं हत्यार ऐनवेळी चाललं पाहिजे, एवढं बघायचं काम माझं. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही.

हवालदार असताना माझी पोस्टिंग जम्मूच्या डोंगरात एका इन्फंट्री बटालियनला झाली. हत्यारं ठेवायच्या खोलीला फौजेत कोत म्हणतात. आमचा कोत पत्र्याचा. सकाळी साडेपाचला उघडायचा. रायफली सही करून बाहेर, संध्याकाळी सही करून आत. मधल्या वेळात मी, माझं टेबल, तेलाची बाटली, चिंध्या आणि शर्टाच्या खिशात पिवळ्या मुठीचा एक स्क्रूड्रायव्हर. आंघोळीला जातानाच तेवढा तो खिशातून निघायचा. सगळी बटालियन मला मिस्त्री म्हणायची.

फक्त नायब सुभेदार शिवराज मला दत्ता म्हणायचे. ते आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याचे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. आपली बोली बोलणारे तिथं आम्ही दोघंच. चारचौघांत मी त्यांना साहेब म्हणायचो, कोतात आले की अण्णा. आमचं भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडमध्ये मिटायचं. रोज आंघोळ करून कपाळावर तीन बोटं भस्म ओढल्याशिवाय हा माणूस चहासुद्धा घेत नसे.

एका दुपारी तीन वाजता अण्णा आले आणि आपलं नऊ एमएम पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"दत्ता, मॅगझिन आत राहायलं न्हाई बघ."

"पडायलंय?"

"व्हय. पळताना पडलं. दगडावर टण्णकन वाजलं. पोरं हसायलीत मला."

मॅगझिन म्हणजे गोळ्यांची डबी. मुठीत खालून सरकवली की एक खिट्टी तिच्या खाचेत बसते. तिला मॅगझिन कॅच म्हणतात. तिचं बटण बाहेर अंगठ्याशी येतं, ते दाबलं की मॅगझिन सुटतं. त्या पिस्तुलात मॅगझिन नसलं तर चेंबरमधली, म्हणजे नळीत चढलेली, गोळीसुद्धा सुटत नाही. हातात नुसतं लोखंड उरतं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला सर्च, म्हणजे एका गावातल्या घरांची झडती, होती. तिथली घरं बुटकी, आत रायफल वळत नाही. पिस्तूल घेऊन सगळ्यात आधी अण्णा शिरायचे.

मी पिस्तूल रिकामं करून तपासलं. दुसरं मॅगझिन घातलं, मुठीवर थाप मारली. तेही पडलं. अण्णांचं मॅगझिन दुसऱ्या पिस्तुलात घातलं, ते घट्ट बसलं. म्हणजे मॅगझिन चांगलं, खोट पिस्तुलात. मी लगेच निकाल दिला, कॅचची स्प्रिंग गेलीय. नवी स्प्रिंग टाकली, घाईघाईत भोकात तेल सोडलं. पाच वाजता गोळीबाराच्या रेंजवर डबीतल्या तेराच्या तेरा गोळ्या मारून बघितल्या. मॅगझिन हललं नाही.

"मिस्त्रीचा हात लागलाय अण्णा," मी म्हटलं. "चहा पाजा."

सकाळी साडेसातला फॉल-इनमध्ये, म्हणजे हजेरीला, कंपनी कमांडर मेजरसाहेबांसमोर ते मॅगझिन पुन्हा पडलं.

"मिस्त्री, यह क्या है?"

"साहब, बारह बजे तक दे दूँगा."

"दो बजे निकलना है."

"जी साहब."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोतात येऊन कॅच पुन्हा सोडवला. या वेळी भोक उजेडाकडे धरून डोळा लावला. आदल्या दिवशी तेवढंच करायचं राहिलं होतं. आत राखाडी लगदा बसला होता, दाराच्या भेगेत भरायच्या लांबीसारखा. माझ्या तेलानं तो रात्रीतून आणखीच घट्ट झाला होता. बटण आत जायचं, परत बाहेर येताना अर्ध्यावर अडायचं. खिट्टी खाचेत टोकापुरतीच बसायची. ही माती नव्हती, माती बोटांना चरचरते. हे पिठासारखं मऊ होतं. मी मान वर केली. समोर अण्णांचं कपाळ, त्यावर तीन पट्टे.

"अण्णा, भस्म लावल्यावर बोटं कुठं पुसता?"

ते आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पिस्तुलाला."

"कामून?"

"आमच्यात उरलेलं भस्म झटकत न्हाईत. ज्याच्यावर पोट हाय त्या वस्तूला लावतेत. अप्पा नांगराला लावायचे, आई जात्याला. मी ह्याला लावतो."

"रोज?"

"अकरा महिने झाले. हे पिस्तूल मिळाल्यापासून."

मी कपाळाला हात लावला. हवालदारानं नायब सुभेदाराला बोलायचं नसतं. मी बोललो. "नांगराला स्प्रिंग नसती, अण्णा! देवाला तुमची भक्ती कळती, ह्या कॅचला कळत न्हाई. आज आत शिरलात आन् मॅगझिन पायावर पडलं, तर तुमच्या घरी मी काय तोंड दाखवू?"

अण्णा म्हणाले, "मग लावू कुठं, ते सांग."

"कमरेच्या होल्स्टरच्या झाकणाला. आतून."

"बरं."

रॉकेलनं भोक धुतलं, वाळवलं, तेलाचा एकच थेंब दिला. वीस वेळा मॅगझिन चढवलं, वीस वेळा मूठ टेबलावर आपटली. साडेअकराला पुन्हा रेंजवर तेरा गोळ्या. बाराला दहा मिनिटं कमी असताना पिस्तूल अण्णांच्या हातात दिलं. ते निघून गेल्यावर मी सिग्नलवाल्याच्या खोलीत रेडिओपाशी जाऊन बसलो. आर्मररचं तिथं काही काम नसतं. मला कुणी उठवलं नाही.

तीन वाजून वीस मिनिटांनी अण्णांचा आवाज आला. रेडिओवर ठाणं म्हणजे टायगर आणि ते टायगर दो. "टायगर, टायगर दो. घर नंबर तीन. अंदर जा रहा हूँ. ओव्हर."

नऊ मिनिटं काहीच नाही. त्या नऊ मिनिटांत मी माझ्या मनात तो कॅच दहा वेळा खोलला आणि बसवला.

"टायगर, टायगर दो. घर तीन क्लिअर. एक पकडा. सब ठीक. ओव्हर."

संध्याकाळी अण्णा कोतात आले ते घरून आलेल्या शेंगापोळ्यांचा डबा घेऊन. माळ्यावरून एकानं त्यांच्या अंगावर उडी टाकली होती. दोघं खाली पडले, पिस्तूल भिंतीवर आपटलं.

"मॅगझिन?"

"हाललं न्हाई बघ. नळी नाकासमोर आली तसं त्यानं हातातलं हत्यार टाकलं. घे, पोळी खा. रॉकेलचा वास यायलाय तुझ्या हाताला."

बावीस वर्षांत मला एक पदक मिळालं, पण ती पोळी मला जास्त गोड लागली, हे खरं सांगतो.

आठ महिन्यांनी नायब सुभेदार शिवराज दुसऱ्या एका सर्चमध्ये शहीद झाले. गोठ्याच्या दारात आमचा एक जवान जखमी होऊन पडला होता. त्याला ओढून बाहेर काढेपर्यंत अण्णा एकटे दार धरून उभे राहिले. तो जवान वाचला. चौथ्या दिवशी पिस्तूल आणि होल्स्टर तपासणीसाठी माझ्या टेबलावर आलं. मी कोताचं दार लावून घेतलं आणि रडलो. मग हात धुतले आणि काम केलं. पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड मागं थांबलेली, म्हणजे शेवटची गोळीही सुटली होती. मॅगझिन जागेवर होतं. बटण दाबलं, ते अलगद तळहातावर आलं. कॅचचं भोक लख्ख होतं. होल्स्टरचं झाकण उलटून बघितलं, आतल्या बाजूला भस्माचा जाड थर होता.

सुट्टीवर आलो तेव्हा आधी मादन हिप्परग्याला गेलो. त्यांच्या मंडळींना मी अक्का म्हणतो. अक्कांनी पाणी दिलं, समोर बसल्या.

"दत्ता अण्णा, एक खरं सांगा. ते सुट्टीला आले की हसत सांगायचे, पिस्तुलाची डबी पडायची म्हणून. त्या दिवशी पडली का वो?"

"न्हाई अक्का. तेरा गोळ्या होत्या, तेराच्या तेरा सुटल्या. डबी जागेवर होती. मी माझ्या हातानं काढली."

"मग बरं झालं," अक्का म्हणाल्या. उठून भिंतीतल्या देवळीतून भस्म आणलं, माझ्या कपाळाला लावलं. बोटांना उरलेलं त्यांनी झटकलं नाही. माझ्या खिशातल्या स्क्रूड्रायव्हरच्या पिवळ्या मुठीला पुसलं.

आता मी गावात फवारणीचे पंप दुरुस्त करतो, त्याच स्क्रूड्रायव्हरनं. सुखात आहे. सकाळी आंघोळ झाली की मीही कपाळाला तीन बोटं ओढतो. आमच्या घरात ही रीत नव्हती. उरलेलं मुठीला लावतो आणि मग कामाला बसतो.